नीट हरायची रॅकेट

मुजियोनोची रॅकेट फुटली ती जिंकताना नाही, हरताना. साहेबाला सोपा जाईल असा बॉल उचलायला तो वाकला, रॅकेट सिमेंटवर आपटली आणि फ्रेमला चीर गेली. बाकावरच्या कारकुनांनी साहेबासाठी टाळ्या पिटल्या. ते साहेबासाठी टाळ्याच पिटतात. साहेबाने बॉल नेटमध्ये घातला, तर सगळे मिळून वाऱ्याला शिव्या देतात.

साहेब म्हणजे हेंडार्तो, आरोग्य कचेरीचे प्रमुख; सगळे त्यांना आदराने बापाक म्हणत. त्यांना फुकटचं जिंकलेलं चालत नसे. सहा-एक झालं की सोमवारी कचेरीत सगळ्यांच्या पाठी लागत. सहा-चार हवं, अंगाला घाम हवा आणि शेवटचा फटका त्यांचा हवा. हे जमणारा माणूस अख्ख्या कचेरीत एकच, नोंदणीतला मुजियोनो. विशीत तो प्रांताच्या संघातून खेळलेला. आता चाळिशीत दर शनिवारी सकाळी, तीन वर्षं, तो बेतशीर हरत होता.

कशासाठी? बायकोसाठी. विविक सुईण. तिची नेमणूक वर डोंगरात, कोबीच्या शेतांमधल्या दवाखान्यावर. ती रविवारी खाली यायची, तेही वर कुणी अडलेली नसेल तर. बदली बापाकच्या एका शब्दावर होती आणि पुढच्या महिन्यात बापाक निवृत्त व्हायचे होते. मुजीने तोंडाने कधी काही मागितलं नव्हतं. तिथं कुणीच मागत नाही. वरच्याला खूश ठेवायचं आणि त्याला आपोआप उमजेल म्हणून वाट बघत बसायचं. या लाचारीला ते सभ्यता म्हणतात.

कोर्टाच्या भिंतीला टेकून रोसिदची टपरी होती. रॅकेटला तारा ताणून द्यायचा, जुन्या रॅकेटी विकायचा. गुरुवारी संध्याकाळी त्याने तीन काढल्या आणि स्वतः नेटपलीकडे उभा राहिला.

पहिली निळी, पातळ फ्रेमची. बॉल तारांना लागला की तळहाताला लगेच कळायचं, कुठे लागला, किती रुतला. मुजी खुलला. मग रोसिदने एक सणसणीत मारला आणि रॅकेट मुठीत गर्रकन फिरली.

"बोलायला गोड, पण संकटात पाय लावून पळणारी," रोसिद ओरडला. "माझ्या मेव्हण्यासारखी. ठेव खाली."

दुसरी पांढरी, रुंद तोंडाची. नुसता धक्का दिला तरी बॉल मागच्या जाळीवर.

"ही घे की! एखादा बसू दे बापाकच्या पोटात."

"गप रे. भिंतीपलीकडे माणसं आहेत."

तिसरी काळी, जड, दाट विणीची. तिचा स्वतःचा जोर काही नाही. हाताने दिलं तेवढंच पुढे करणार. निळीइतकी ती हाताशी बोलतही नव्हती. पण जोराचा बॉल कडेला लागला तरी जागची हलत नव्हती. मुजीने रोसिदला बेसलाइनपाशी चप्पल ठेवायला लावली. वारा सुटला होता, तरी बॉल चपलेवर. पुन्हा चपलेवर.

"काळी दे."

"अरे, ही जिंकणाऱ्याची रॅकेट. तू काय करणार हिचं?"

"मला नीट हरायचंय."

"तीन वर्षं हरतोयस, अजून नीट जमेना?" रोसिदने कपाळावर हात मारला.

शनिवारी घेंडिंग वारा पिसाळला होता. कोरड्या दिवसांत तो डोंगरावरून उतरतो आणि आंब्याच्या फांद्या मोडून जातो. बापाकचे बॉल रेषेबाहेर भरकटत होते. मुजीने हिशेब केला, की आज त्यांना सांभाळून घ्यायला हवं, नाहीतर मूड जाईल. त्याने काळी रॅकेट कामाला लावली. प्रत्येक बॉल बापाकच्या फोरहँडवर, कमरेच्या उंचीला, अलगद. त्यांना एक पाऊलही टाकावं लागत नव्हतं. बाकावर टाळ्या चालूच होत्या.

चार-चार झालं आणि बापाक सर्व्ह करायचे थांबले. चालत नेटपाशी आले.

"ती रॅकेट बघू."

त्यांनी ती उलटसुलट केली, तारांवर बोट फिरवलं. "मुजी, या वाऱ्यात माझा बॉल हातभर सरकतो. तुझा मात्र पाळलेल्या मांजरासारखा येऊन माझ्या हातात बसतो. कसा काय?"

जुन्या रॅकेटीने बॉल थोडा इकडेतिकडे जायचा आणि त्याच्या आड सगळं झाकलं जायचं. या काळीने त्याला उघडं पाडलं होतं.

"कधीपासून चाललंय हे?"

"पहिल्यापासून, बापाक."

म्हातारा लालबुंद झाला, पण आवाज चढवला नाही. "मला वाटत होतं, या वयात मी सुधारतोय. घरी बायकोला सांगायचो." त्यांनी रॅकेट परत दिली. "का केलंस? काय हवं होतं तुला?"

आता झाकायला काही उरलंच नव्हतं. मुजीने सांगून टाकलं. विविक, डोंगर, रविवार. सांगायला घोटभर चहा पिण्याइतकाही वेळ लागला नाही.

"मग बोलला का नाहीस?" बापाक म्हणाले. "मला काय स्वप्न पडणार होतं? सुईणींच्या बदल्या मी दर वर्षी करतो, लोक येऊन सांगतात म्हणून. सोमवारी अर्ज आण." ते बेसलाइनकडे वळले आणि मागे न बघता म्हणाले, "आणि आता खरा खेळ. नाहीतर अर्ज आणू नकोस."

मुजी खरा खेळला. पहिले दोन फटके त्याच्याच हाताला परके वाटले, बाहेर गेले. तिसरा कोपऱ्यात बसला. बापाक तिकडे पोचलेसुद्धा नाहीत. सेट मुजीचा झाला आणि टाळी कुणीच वाजवली नाही, एकट्या रोसिदने भिंतीमागून शिट्टी मारली. बापाक हात मिळवून गाडीत बसले.

दुपारीच मुजी मोटरसायकल काढून डोंगर चढला. विविक दवाखान्यामागे चादरी वाळत घालत होती. त्याने हसत हसत सगळं सांगितलं. तीही हसेल असं त्याला वाटलं.

तिच्या हातातली ओली चादर तशीच राहिली.

"थांबा, मस," ती म्हणाली. नवऱ्याला ती मस म्हणायची. "तुम्ही तर म्हणायचात, बापाक ऐकत नाहीत."

"म्हणजे... त्यांना उमजत नव्हतं."

"तुम्ही विचारलंच नव्हतं."

मुजीने दोरीवरची एक चादर उगाच सारखी केली.

"तीन वर्षं मी इथे त्या माणसाला शिव्या घालतेय," विविक म्हणाली. "थंडीत, रोज. आणि त्याला माझं नावही ठाऊक नव्हतं." तिने चादरीचं एक टोक त्याच्या हातात खुपसलं, दुसरं स्वतः धरलं आणि पिळायला लागली, इतक्या जोरात की त्याला टोक धरून ठेवणं जड गेलं. "अर्ज मी लिहिणार. सोमवारी मीच नेऊन देणार. तुम्ही बाहेर उभे राहा."

"बरं," मुजी म्हणाला.

"नीट धरा."