हातात अडतीस लाख

निवृत्त नर्स असलेल्या सिस्टरांना हातात अडतीस लाख हवे होते. तळमजल्यावरचं एक छोटं घर त्यांनी गुडघ्यांच्या सोयीसाठी हेरलं होतं आणि त्याची किंमत तेवढीच होती. दुसऱ्या मजल्यावरचं राहतं घर विकायचं, आलेल्या पैशात ते घ्यायचं, इतका सरळ हिशोब. "तुमचं कमिशन, तुमच्या जाहिराती, सगळं वरचं वर भागवा," त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या. "माझ्याकडे वर टाकायला एक दमडी नाही."

सासऱ्यांच्या घरं विकून देण्याच्या ऑफिसात शिकाऊ असलेल्या सुनेने मान डोलावली आणि तिथल्या तिथे आकडा काढला. कमिशन पाच टक्के. अडतीस लाखांचे पाच टक्के म्हणजे एक लाख नव्वद हजार. बेरीज एकोणचाळीस लाख नव्वद हजार. घर त्या भावाला विक्रीला लागलं. एक तरुण जोडपं आलं, घासाघीस न करता तयार झालं, बँकेने कर्जही मंजूर केलं. सुनेने स्वतः हाताळलेला हा पहिला व्यवहार. ती हवेत होती.

हवेतून ती उतरली ती करारनाम्याच्या आदल्या दुपारी. कोणाच्या हातात किती पडणार याचा तक्ता करताना तिने एकोणचाळीस नव्वदचे पाच टक्के काढले. कमिशन विकल्या किमतीवर लागतं, मालकाच्या मनातल्या आकड्यावर नाही. कॅल्क्युलेटरने दाखवलं, एक लाख नव्याण्णव हजार पाचशे. सिस्टरांच्या हातात सदतीस लाख नव्वद हजार पाचशे. साडेनऊ हजार कमी.

तिने पुन्हा केलं. मग मोबाइलवर केलं. दोन्ही यंत्रांनी एकमेकांशी संगनमत केल्यासारखं तेच उत्तर दिलं.

चूक कुठून आली ते तिला लगेच कळलं आणि त्यामुळे जास्तच झोंबलं. लग्नाआधी ती वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायची. तिथे खिळे, कड्या, बिजागऱ्या, जे काही घेतलं त्याच्या खरेदीवर टक्के चढवायचे आणि विकायचं. हात त्याच वळणाचा. परवान्याच्या अभ्यासक्रमात याच फरकावर एक अख्खा धडा होता आणि परीक्षेत तिने तो बरोबर सोडवला होता. हवे असतील ते पैसे भागिले शून्य पूर्णांक पंच्याण्णव. उत्तर सरळ चाळीस लाख. पण परीक्षेत सिस्टर समोर बसलेल्या नसतात.

तिने नवऱ्याला फोन लावला. तो दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत होता, मागे घासण्याचा आवाज.

"साडेनऊ हजारच ना?" तो म्हणाला. "मग टाक की आपल्या खिशातून. उगाच जिवाला घोर कशाला?"

"तुझ्या बाबांना काय सांगू?"

"काही सांगू नकोस. त्यांना कळलं तर तुझ्या शिफारशीचं काय होईल माहितीये ना?"

माहीत होतं. सासरे गुडघे आणि डोळे दोन्ही थकल्यामुळे स्वतःचा परवाना परत करणार होते. तो वारशाने मिळत नाही. सुनेचं शिकाऊ वर्ष संपत आलं होतं आणि पूर्ण परवान्यासाठी त्यांची लेखी शिफारस लागत होती. ती नसेल तर ऑफिसला टाळं. बाजारात त्यांना टेपवाले म्हणत, कारण मालकाने सांगितलेल्या मापावर त्यांनी आयुष्यात विश्वास ठेवला नव्हता. प्रत्येक खोली टेप धरून स्वतः मोजायचे. असा माणूस नात्याखातर सही करील, हे सुनेच्या स्वप्नातही नव्हतं.

तिने एटीएममधून पैसे काढले, पाकिटात घातले आणि पाकीट पर्समध्ये ठेवलं. सिस्टरांच्या घराकडे वळणाऱ्या कोपऱ्यापर्यंत गेली. तिथे झेरॉक्सच्या दुकानासमोर तिचे पाय थांबले. शिकाऊ नोंदणीच्या नियमांत ते स्वच्छ लिहिलं होतं: कमिशन ऑफिसच्या नावे घ्यायचं, त्यात सूट द्यायची ती परवानाधारकाने, लेखी, करारनामा होण्याआधी. शिकाऊने पक्षकाराला परस्पर पैसे दिले तर तिची नोंदणी जाते आणि ज्याच्या हाताखाली ती शिकते त्याच्या परवान्यावरही बालंट येतं. म्हणजे चूक झाकायला जाऊन सासऱ्यांनाच खड्ड्यात घालायचं.

ती मागे फिरली.

सासरे टेबलावर भिंग घेऊन एका घराचा नकाशा बघत होते. तिने बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, एका दमात, हार्डवेअरच्या दुकानासकट आणि नवऱ्याच्या सल्ल्यासकट.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. चेहरा पांढरा पडला होता.

"खिशातून दिलेस का सिस्टरांना?"

"नाही, बाबा."

"नक्की? एक पैसासुद्धा नाही?"

"पाकीट पर्समध्ये आहे. दाखवू?"

त्यांनी खुर्चीच्या पाठीला टेकून एवढा मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचा नकाशा हलला. "मग वाचलो! अगं, तुझं तोंड बघून मला वाटलं, तू देऊन आलीस. ते निस्तरता आलं नसतं. हे काय, कागदावरचं आहे."

"पण चूक माझी..."

"आकडा तुझा. पण भाव ठरवलेल्या कागदाखाली सही कुणाची? मी भिंती मोजल्या आणि बेरीज न मोजता सही ठोकली. टेपवाला म्हणे!" ते स्वतःवरच वैतागले. "बरं, आता रडू नकोस, हिशोब कर. टक्के काढून टाकले आणि कमिशन ठोक एक लाख नव्वद हजार घेतलं, तर सिस्टरांना किती?"

"अडतीस लाख. बरोबर."

"आणि आपल्याला? या व्यवहारापायी जाहिरात, फेऱ्या, वकील मिळून चाळीस हजार गेले."

"दीड लाख उरले."

"ऑफिसचं भाडं, वीज, तुझा पगार?"

"महिन्याचे एक लाख वीस हजार. म्हणजे..." तिचा आवाज पहिल्यांदा सरळ झाला. "तीस हजार तरीही वर राहतात."

"बुडालो का?"

"नाही."

"मग तुझ्या त्या पुस्तकात खर्च भागून उरलेल्या या पैशाला काय म्हणतात ते म्हण, आणि दुरुस्तीपत्र टाइप कर. सिस्टरांकडे दोघं जाऊ."

जिना चढताना सासरे दर पायरीला कण्हत होते. सिस्टरांनी दार उघडलं, दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "व्यवहार मोडला का?"

"नाही, सिस्टर," सून म्हणाली. "माझा हिशोब चुकला होता. तुमच्या हातात साडेनऊ हजार कमी पडले असते. आता पडणार नाहीत." आणि तिने चूक पुन्हा सांगितली.

सिस्टरांनी चष्मा लावून दुरुस्तीपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. बेरीज बोटांवर केली. मग सही केली आणि पेन सासऱ्यांकडे सरकवलं. "आमच्या ऑपरेशन थिएटरात एक नियम होता," त्या म्हणाल्या. "रक्त टिपायचा बोळा पेशंटच्या पोटात राहिला असं वाटलं तर शिवायच्या आधी बोंबला. नंतर बोंबलणाऱ्याला आम्ही उभं करत नव्हतो. पोरी, तू वेळेवर बोंबललीस. बसा, पाणी देते."

दुसऱ्या दिवशी करारनामा झाला. तरुण जोडप्याने किल्ल्यांचा फोटो काढला. सिस्टरांनी खात्यातली रक्कम फोनवर वाचली आणि फोन पिशवीत टाकला. एवढंच.

ऑफिसात परतल्यावर सासऱ्यांनी शिफारसपत्र लिहायला घेतलं. सून समोर उभी, नजर त्यांच्या पेनावर.

"चुकीबद्दल लिहिणार?" तिने विचारलं.

"लिहिणारच. न लिहून कसं चालेल?" ते लिहीत राहिले, मग कागद तिच्याकडे फिरवला.

तिने वाचलं. एका व्यवहारात किमतीची आकारणी चुकली, करारनाम्याआधी स्वतः सांगितली, नियमाप्रमाणे दुरुस्त झाली. स्वतंत्र परवान्यास योग्य. खाली त्यांची पूर्ण सही.

ती धपकन खुर्चीत बसली. काल दुपारपासून आपण काही खाल्लेलं नाही, हे तिला आत्ता कळलं.

"बाबा, डबा उघडू?"

"उघड," सासरे म्हणाले. "आणि तुझ्या नवऱ्याला फोन कर. म्हणावं, सल्ले देणं बंद कर आणि कवळ्या घास."