बांधलेलं पाणी

“पेटलं! पेटलं!”

नीउ-व्हेनेप या डच गावातल्या आमच्या घरांमागच्या कालव्याकाठी पन्नासेक मराठी माणसं एकदम ओरडली आणि हात जोडून उभी राहिली. पाण्यात काठ्या रोवून त्यांवर तांब्याचं घंगाळ, काठ पाण्यात बुडेल असं, पालथं घातलं होतं. त्याच्या बुडावर ओल्या गंधाने चिकटवलेलं जास्वंदीचं फूल उचलून अंबरीशजींनी कापूर पुढे केला होता, आणि निळसर ज्वाळा भप्पकन वर आली होती.

“हा दोवर-खूचा श्वास!” रेशमी कुडत्यावर जाड जॅकेट चढवलेले अंबरीशजी गरजले. “आयर्लंडच्या तळ्यांतलं जनावर. अर्धं पाणमांजर, अर्धं शिकारी कुत्रं. माणसाला पाण्यात ओढतं ते सोडत नाही. पाण्याला व्हिसा लागत नाही, मित्रहो! समुद्रातून ते इथवर आलंय. पण घाबरू नका. मी ते बांधलंय.”

अंबरीशजी काही वर्षं डब्लिनला ऑनसाइट होते. इतर लोक तिथून स्वेटर आणतात, यांनी जनावर आणलं. साताऱ्याच्या विहिरीत हडळ आहे असं कुणी सांगितलं असतं, तर हीच मंडळी पोट धरून हसली असती. पण परदेशी भुताची गोष्ट वेगळी. ती अंधश्रद्धा नसते, हेरिटेज असतं.

माझा शेजारी विवेक पहिल्या रांगेत होता. झुइडास या बड्या कंपन्यांच्या भागातल्या एका ऑफिसात तो सॉफ्टवेअर तपासतो. दिवसभर लोकांच्या चुका शोधायच्या, हेच त्याचं काम. त्याची आठ वर्षांची जुई त्याची बाही ओढत होती.

“बाबा, देअर इज अ होल. फ्लॉवरच्या खाली.”

“शूऽ. नमस्कार कर.”

“अरे, बरोबर बोलतेय ती,” मी म्हटलं. “पाण्यातून बुडबुडे येतायत ते बघ. खाली गॅस आहे.”

“आसावरी, प्रत्येक ठिकाणी तुझी केमिस्ट्री आणू नकोस गं. जरा अनुभव घे.”

ज्वाळा विझली. “शांत झालं!” अंबरीशजी म्हणाले, आणि मुलांच्या गळ्यात काळे गंडे बांधू लागले. ज्याच्या गळ्यात गंडा, त्याला या कालव्यात भय नाही. अट एकच, शनिवारची जलसाधना चुकवायची नाही.

शनिवारी सकाळी जुईचा पोहण्याचा वर्ग असे. या देशात जिकडे पाहावं तिकडे पाणी, म्हणून मुलांना कपडे-बुटांसकट पाण्यात उतरवतात, ताडपत्रीच्या भोकातून पाण्याखालून पोहायला लावतात. जुई त्या ताडपत्रीला घाबरायची, रडायची. तिला रडताना पाहून तिच्या आईचा, भार्गवीचा जीव तुटायचा आणि विवेकची झोपमोड व्हायची. गंडा सगळ्यांनाच सोयीचा पडला. वर्ग बंद झाला. मी दोनदा भांडले, तेव्हा भार्गवीने मला चहा दिला आणि विषय बदलला.

जानेवारीत कालवा गोठला. सगळं गाव बर्फावर उतरलं. समोरच्या डच आजोबांनी बुडबुड्यांच्या जागेजवळ फांदी रोवली आणि तिकडे जाऊ नका म्हणून बजावलं. विवेक हसून हो म्हणाला. मग मोबाइल काढून जुईला म्हणाला, “जा बेटा, तिथे उभी राहा, छान फोटो येईल. ते आपलं बांधलेलं आहे.”

बर्फ मोडायला आवाजसुद्धा फार झाला नाही.

आजोबांनी शिडी आडवी टाकून तिला बाहेर काढलं. तोवर उशीर झाला होता. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी तिच्या गळ्यातला गंडा कात्रीने कापला आणि भार्गवीच्या हातात दिला. तिने तो तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकला.

शोकसभेला अंबरीशजी आले, डोळे पुसत. “गंडा सैल झाला होता,” ते म्हणाले. “आसपास शंका घेणारं कुणी असलं की होतो.” माना माझ्याकडे वळल्या. माझं डोकं फिरलं. एका मुलीचा जीव गेला होता आणि हा माणूस अजून आपलं दुकान सांभाळत होता.

मी घरातलं जुनं पातेलं घेतलं, त्याच्या बुडाला खिळ्याने भोक पाडलं, त्यावर चिकटपट्टी लावली आणि सगळ्यांना कालव्यावर चला म्हटलं. बर्फ वितळला होता. पातेलं पालथं घालून मी गप्प उभी राहिले. बराच वेळ काहीच झालं नाही. लोक चुळबुळू लागले.

“यांचं प्रवचन एवढं लांब का असतं, कळलं?” मी म्हटलं. “वायू साठायला वेळ लागतो.”

मग पट्टी काढली आणि लायटर धरला. तशीच निळी ज्वाळा आली. मंत्र नाही, फूल नाही. साठलेला वायू संपला आणि ती विझली.

“आपली घरं आटवलेल्या तळ्याच्या तळावर आहेत,” मी सांगितलं. “जमिनीत गाडलेली झाडंझुडपं कुजून मिथेन होतो. जमिनीखालचं पाणी तो वर घेऊन येतं. ते पाणी थंडीतही त्यामानाने उबदार असतं, म्हणून तिथला बर्फ पातळ राहतो. जनावर नाही, श्वास नाही, बांधण्यासारखं काही नाही. आणि ज्याने घंगाळाला भोक पाडलं, त्याला आत काय साठतं ते पक्कं ठाऊक होतं.”

“बघा, हिने ते पुन्हा जागं केलं,” अंबरीशजी म्हणाले आणि आपल्या गाडीकडे निघाले. निम्मे लोक त्यांच्या मागे गेले. हो, निम्मे.

विवेक जागचा हलला नाही. “आसावरी, त्या जनावराने नेली असं म्हण ना,” तो हळूच म्हणाला. “नाहीतर मी तिला तिथे उभं केलं.”

त्या बापाला खोटं सांगून निजवणं फार सोपं होतं. पण त्याच्या मागे भार्गवी उभी होती, कडेवर चार वर्षांचा गंधार.

“जनावर नव्हतं, विवेक,” मी म्हटलं. “जुईला ते भोक दिसलं होतं. आपण तिला गप्प बसवलं.”

तो रडला. भार्गवीने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही.

हे वाचणाऱ्यांनो, माझं मागणं साधं आहे. कुणी चमत्कार दाखवला की वाकून खालून बघा, आणि मूल काही विचारत असेल तर त्याला बोलू द्या. भय घालवणारा दोरा कुठेच मिळत नाही. पाण्याचं भय पाण्यात उतरूनच जातं.

पुढच्या शनिवारी भार्गवी गंधारला पोहण्याच्या तलावावर घेऊन गेली. शिक्षिकेने त्याला पाण्यात उतरवलं तसा तो “आई, आई” करून किंचाळू लागला. भार्गवी काठावरच्या बाकावर दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरून बसली होती. ती उठली नाही.