पर्मेचे चार तास

एका गुरुवारचे फक्त चार तास. खगेंद्र रेग्मीला मेनुकाकडून एवढंच हवं होतं. त्या बदल्यात त्याच्या पदरात पडणार होती पुलांची तपासणी करणाऱ्या कंपनीतली मुलाखत. ती जमली की नोकरी, नोकरी असली की पदवीनंतरच्या परवान्यावर एक वर्ष, विषय इंजिनिअरिंगचा म्हणून वर आणखी दोन. आणि मग आईला पाठवायच्या फोटोत विद्यापीठाच्या फाटकाऐवजी स्वतःची गाडी. मेनुकाच्या पदरात काय पडणार, याचाही हिशेब त्याने केला होता. पुढे कधीतरी चार तास परत.

मुलाखत कोलंबसला, गाडीने दोन तासांवर. नेमकी त्याच दिवशी विद्यापीठाच्या भोजनालयात भांडी धुण्याची त्याची पाळी होती, दहा ते दोन. दोन खाडे आधीच झालेले. तिसऱ्याला नाव कटतं. रीतसर बदली घ्यावी तर रिकामी एकटी मेनुका, आणि तिचं नाव त्या आठवड्यापुरतं वीस तासांवर येऊन संगणकावर लाल झालेलं. बाहेर देशातून आलेल्या विद्यार्थ्याने सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करायचं, तेही विद्यापीठाच्या आवारात. एकविसावा तास हा नुसता तास नसतो, तो गुन्हा असतो. गेल्या आठवड्यात बाराच केले म्हणून या आठवड्यात अठ्ठावीस, असं चालत नाही.

खगेंद्रला ते कधी पटलं नव्हतं. नेपाळात गुल्मीच्या डोंगरात त्याचं गाव, आणि गावात मक्याची खुरपणी पर्मेने होते. पर्म म्हणजे सावडच. आज तुझ्या शेतात माझे हात, उद्या माझ्या शेतात तुझे; मध्ये पैसा येत नाही. ओहायोत आल्यावर दुसऱ्या महिन्यातच त्याने भोजनालयातल्या नेपाळी पोरांत पर्म सुरू केली. ज्याला परीक्षा, त्याने आपलं हजेरीचं कार्ड दुसऱ्याकडे द्यायचं. काम दुसरा करील, पगार कार्डवाल्याला जाईल, आणि सवडीने तेवढेच तास फेडायचे. एक सेंट इकडचा तिकडे नाही, मग चोरी कुठे? सरकारची वीसची अट त्याला मान्यच होती. ती आठवड्याने न मोजता वर्षाने मोजावी, एवढंच त्याचं म्हणणं, आणि ते त्याने सरकारला कळवलं नव्हतं. चौकटीच्या पानांच्या एका वहीत कोणाचे किती तास कोणाकडे, ते तो लिहून ठेवी. ती वही आणि नियमांची माहिती यांच्या जोरावर तेविसाव्या वर्षी तो सगळ्यांचा दाइ, थोरला भाऊ, झाला होता. हिक्मत, त्याच्याच खोलीत राहणारा, एकटा तेवढा टोमणे मारायचा.

"दाइ, शिंकलो तर तेही लिहिणार का वहीत?"

"कामाच्या वेळात शिंकलास तर लिहीन."

बुधवारी दुपारी खगेंद्रने मेनुकाला वाचनालयाच्या पायरीवर गाठलं. मेनुका घर्ती दुसऱ्या वर्षाला, सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी, बोलण्यात तिखट. तो तिला बहिनी, धाकटी बहीण, म्हणे.

"बहिनी, उद्या माझं कार्ड घेशील? चारच तास."

"माझे वीस झालेत, दाइ."

"तुझे झालेत. माझ्या कार्डाचे नाही झाले."

"वा! म्हणजे हात माझे आणि तास तुमचे. वकील का नाही झालात?" तिने हात पुढे केला. "द्या. नोकरी लागली तर गुंद्रुकाची भाजी खाऊ घाला. तुमच्या हातची नको, नीट शिजलेली."

गुरुवारी पावणेबाराला खगेंद्र टाय सारखा करत कोलंबसच्या एका काचेच्या खोलीत शिरला. त्याच सुमाराला, नूडल उकळलेल्या पाण्याचं पातेलं उचलताना दुसऱ्या टोकाच्या मुलाचा हात सुटला, आणि पाणी मेनुकाच्या उजव्या हातावरून कोपरापासून बोटांपर्यंत गेलं.

भोजनालयाची मुकादम डार्लीन. वीस वर्षांत तिने भांड्यांपाशी उभे असलेले हात मोजले होते, नावं कधी मोजली नव्हती. पण अपघाताचा अर्ज भरायचा म्हणजे नाव लागतं. तिने संगणक उघडला. कामावर हजर: खगेंद्र रेग्मी. मेनुका घर्ती: गैरहजर.

"तू इथे नाहीस," डार्लीन म्हणाली, "आणि जो इथे आहे तो मला दिसत नाही."

मेनुकाचा हात नळाखाली होता. दातांवर दात ठेवून तिने सांगितलं, "तो आत्ताच बाहेर गेला. मी त्याला भेटायला आले होते. माझी पाळी नाही."

डार्लीनला सगळं कळलं. पण हजेरीत घोळ निघाला तर तिच्याही गळ्याशी येणार, तेव्हा तिने ऐकलं तसंच लिहून घेतलं. दवाखान्यात मात्र टोचलेल्या औषधाच्या गुंगीत, कुठे भाजलं असं नर्सने विचारलं, आणि मेनुका खरं बोलून गेली. कामावर.

संध्याकाळी खगेंद्र परतला तो नोकरीचा जवळजवळ शब्द घेऊन. दुसऱ्या दिवशी डार्लीनने त्याच्यापुढे कागद सरकवला. मी कामावर होतो, मैत्रीण मला भेटायला आत आली, तिला मी आत यायला सांगायला नको होतं. जिथे तो नव्हताच तिथला तो साक्षीदार झाला. त्याने सही केली. दोन सह्यांच्या मधल्या जागेत मेनुकाची नोकरी गेली, कारण पाळी नसताना स्वयंपाकघरात शिरणाऱ्याला काढतात. आणि भरपाईही गेली, कारण कामावर नसलेल्याला कामावरची भरपाई मिळत नाही.

हिक्मत त्या दिवशी डाळीला फोडणी देत होता. वळून न बघता म्हणाला, "दाइ, तुमच्या गावात खुरपताना कोणाचा पाय कापला तर काय करतात?"

"शेतवाल्याच्या घराने औषधपाणी करायचं. बरा होईपर्यंत त्याचं शेत करून द्यायचं."

"हं. मीठ बघा जरा."

खगेंद्रने मीठ बघितलं. ठीक होतं.

तो रोज डबा घेऊन मेनुकाकडे जाऊ लागला. पैसे पुढे केले ते तिने परत लोटले. "पर्मेत पैसा येत नाही, तुम्हीच सांगता ना? चार तास आहेत तुमच्याकडे. हात बरा झाला की मागून घेईन, व्याजासकट." ती हसायची, पण डाव्या हाताने चमचा धरताना तो वाकडा व्हायचा, आणि मग दोघंही चमच्याकडे बघायची नाहीत.

दहा दिवसांनी खरी अडचण उभी राहिली. डॉक्टर म्हणाला, सहा आठवडे प्रयोगशाळा बंद. या हातावर हातमोजा चढणार नाही. प्राध्यापक म्हणाला, मग शुक्रवारपर्यंत विषय सोड, नाहीतर नापास लिहावं लागेल. विषय चार श्रेयांकांचा. तिचे होते तेरा, उरणार नऊ, आणि बाहेरच्या विद्यार्थ्याला बाराच्या खाली जाता येत नाही.

"दाइ, आता काय? परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत जाऊ का?"

उत्तर खगेंद्रला पाठ होतं. मागच्या वर्षी आतड्याचं ऑपरेशन झालेल्या एका पोराला त्यानेच हात धरून तिथे नेलं होतं. डॉक्टरची चिठ्ठी, विषय सोडण्याच्या आधी कचेरीची परवानगी, आणि बाराखाली गेलं तरी चालतं. पण मेनुकाच्या चिठ्ठीला दवाखान्याचा कागद जोडलेला असणार, आणि त्या कागदावर होतं, कामावर भाजली. कचेरीतल्या ओकलीबाई तो कागद भोजनालयाच्या अर्जाशेजारी ठेवणार. अर्जावर सही खगेंद्रची. आणि खगेंद्रचा परवाना, प्लास्टिकचं एवढंसं कार्ड, सरकारी टपालात कुठेतरी वाटेवर होता.

त्याने मनात मांडणी केली. कार्ड यायला दोन आठवडे. कचेरी यादी बघते ती सत्र संपल्यावर, म्हणजे पाच आठवड्यांनी. मधले तीन आठवडे मेनुकाला पुरेसे. कोणाचंच नुकसान नाही.

"आत्ता नको जाऊस," तो म्हणाला. "कागद मागतील, खोदतील. विषय सोडून दे. दोन आठवड्यांनी मी स्वतः येतो तुझ्याबरोबर."

"आधी परवानगी नाही लागत?"

"नंतरही चालतं."

तिने वहीवाल्या दाइकडे बघितलं, आणि शुक्रवारी विषय सोडला.

मांडणीत चूक एकच होती. कचेरी यादी बघते ती विषय सोडण्याची मुदत संपल्यावर, लगेच. मंगळवारी मेनुकाला पत्र आलं. परवानगीशिवाय अभ्यासक्रम कमी केल्याने तिची नोंद बंद झाली होती.

बुधवारी दोघं ओकलीबाईंच्या समोर बसली. टेबलावर वाटीत पेपरमिंटच्या गोळ्या. ओकलीबाईंनी मेनुकाच्या हातावरची पट्टी बघितली आणि चष्मा काढला.

"अगं, एक चिठ्ठी आणायची होतीस. विषय सोडायच्या आधी. दहा मिनिटांत सही केली असती मी."

मेनुका सावकाश वळली. "दाइ, ते ऑपरेशनवालं पोरगं. त्याच्याबरोबर तुम्ही आला होतात ना इथे?"

खगेंद्रने गोळ्यांच्या वाटीकडे बघितलं.

"एक वाट आहे," ओकलीबाई म्हणाल्या. "नोंद पुन्हा चालू करा असा अर्ज. उशीर का झाला ते लिहावं लागेल, तो तुझ्या हातात नव्हता असं दाखवावं लागेल. कोणी चुकीचं सांगितलं होतं का? तसं असेल तर आत्ता सांग, मी लिहून देते. आणि नियमाबाहेर काम कधी केलेलं नाहीस, असंही सही करून द्यावं लागेल."

खगेंद्रच्या डोक्यात आकडे फिरू लागले. बोललो तर कशासाठी थांबवलंत हे विचारतील, मग कागद, मग कार्ड, मग दोघंही बुडणार. गप्प राहिलो तर एकटी बुडेल. दोनापेक्षा एक कमी. हिशेब इतका स्वच्छ निघाला की त्याला घाम फुटला.

मेनुका त्याच्याकडेच बघत होती. तिने बराच वेळ दिला. ओकलीबाईंनी चष्मा पुसून पुन्हा घातला, तेवढा.

"नाही," शेवटी मेनुका म्हणाली. "कोणी नाही सांगितलं. मला भीती वाटली."

"आणि कामाचं?"

"त्यावर सही नाही करता येणार मला."

ओकलीबाईंनी पेन खाली ठेवलं. पुढे काही विचारलं नाही, विचारलं असतं तर लिहावं लागलं असतं. मेनुकाला निघायची तारीख मात्र त्यांना लिहावीच लागली.

जिना उतरताना खगेंद्रच्या लक्षात आलं, की बाईंनी आधी विचारलं होतं ते एवढंच, कोणी चुकीचं सांगितलं का. 'मी सांगितलं' हे दोन शब्द पुरले असते. त्यातून मेनुका वाचली असतीच असं नाही. पण आकडेमोडीत ते दोन शब्द त्याने धरलेच नव्हते.

"बहिनी..."

"वही आणा उद्या," ती म्हणाली. "माझ्या पानावर काय काय आहे ते बघायचंय."

दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन गेला. खोलीत दोन बॅगा उघड्या होत्या. डाव्या हाताने ती घडी घालत होती, आणि घडी उलगडत होती. तिने तिचं पान काढायला लावलं. दीड वर्षात तिने हिक्मतचे सहा तास केले, हिक्मतने तिचे सहा केले. प्रत्येक ओळीवर काट. शेवटच्या ओळीवर नव्हती: खगेंद्रकडे चार.

"काट मारा," ती म्हणाली.

"फेडल्याशिवाय कशी मारू?"

"कुठे फेडणार? नेपाळात डांगला येऊन माझ्या आईचा मका खुरपणार? मारा. मला तुमच्याकडे काही ठेवायचं नाहीये."

त्याने पेन काढलं, टोपण उघडलं. हात पुढे जाईना. तिने वही ओढली आणि डाव्या हाताने वेडीवाकडी रेघ ओढली. ती रेघ चार तासांवरून जाऊन थेट त्याच्या नावावरून गेली.

शनिवारी तिला विमानतळावर हिक्मतने सोडलं. खगेंद्रला तिने नको सांगितलं होतं. सोमवारी भोजनालयाला भांड्यांसाठी नवा मुलगा मिळाला. डार्लीनने त्याचे हात मोजले, दोन भरले. विम्याने दवाखान्याचा आपला वाटा दिला, उरलेला मेनुकाच्या आईने तिलहरी, गळ्यातला सोन्याचा दागिना, विकून दिला. ओकलीबाईंची फाइल मिटली. गुरुवारी खगेंद्रचं कार्ड आलं. त्याचा फोटो चांगला आला होता. संध्याकाळी हिक्मतने गुंद्रुक शिजवलं आणि ताट एकाचंच वाढलं, स्वतःचं.

एकूण तास चार. घेतले खगेंद्रने. भरले मेनुकाने: हात उजवा, वर्षं दोन.