विमानं बंद होती

"...आणि ते विमानाचं तिकीट साहेबांनी माझ्या हातात ठेवलं," माइक दोन्ही हातांनी धरून आयुब सांगत होते. "म्हणाले, 'आयुब, तू जा. तुझी अम्मी लई आजारी हाय, वाट बघतीय. माझ्या घरी समदं ठीक हाय.' असा माणूस!"

मुरूम गावच्या मठाच्या अंगणात बसलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभा आहे हे ध्यानात आलं तशा त्या विरत गेल्या.

गुरुसिद्धप्पा इंजिनिअरांना जाऊन अकरा दिवस झाले होते. शिवगणाराधनेच्या जेवणाआधी चार माणसांनी त्यांच्याबद्दल बोलावं, असं त्यांच्या मुलानं, शिवानंदनं ठरवलं होतं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. लिबियाच्या वाळवंटात त्यांनी पाण्याची पाइपलाइन टाकली. भूतानमध्ये बोगदा खणला. वाळूच्या वादळात दोन दिवस ट्रकखाली पडून काढले. इराकमध्ये लढाई चालू असताना नदीवर पूल बांधला. तेरखेड्याचे आयुब तिथं त्यांच्या हाताखाली वेल्डर होते. आणि एवढं फिरूनही माणूस घरचाच राहिला, असं सगळे म्हणत. जातील तिथून दर आठवड्याला बायकोला पत्र. म्हातारपणी तिचे गुडघे धरले, तर रोज स्वतः तेल चोळून द्यायचे.

"आई, आता तू दोन शब्द बोल," शिवानंद वाकून म्हणाला.

"मला बोलायचं न्हाय," रुद्रम्मा म्हणाल्या, आणि उठून मागच्या खोलीत गेल्या.

लोकांना वाटलं, दुःख अनावर झालं.

पंगती उठल्यावर आयुब निरोप घ्यायला आले. रुद्रम्मा भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"बसा, आयुबभाई. ते तिकीट कोणत्या सालचं?"

"सत्त्याऐंशीचं, भाभी. मे महिना. रमजानचा शेवटचा आठवडा हुता. ईद म्या घरीच केली."

"तिकीट कशापायी आलं हुतं यांना?"

"ते ठाव न्हाय. कंपनीनं दिलं, एवढंच कळलं."

रुद्रम्मा खाली बघत सांगू लागल्या.

"शिवानंदाच्या पाठची मुलगी हुती आमाला. सात वर्षांची. त्याच मे महिन्यात मेंदूज्वर झाला. सोलापूरच्या दवाखान्यात अकरा दिवस हुती. म्या तार केली. उलट तार आली, 'लढाईमुळं विमानं बंद. येऊ शकत नाही.' पोरगी शुद्धीवर आली की कानडीत विचारायची, 'अप्पा यावाग बर्तार?' कधी येनार? म्या सांगायची, विमानं चालू झाली की येतील. शेवटच्या दिवशी बी तेच सांगितलं."

"विमानं चालू हुती, भाभी," आयुब हळूच म्हणाले, आणि लगेच त्यांना ते बोलल्याचा पश्चात्ताप झाला.

"व्हय. आज कळलं."

"कसम खुदाची, मला पोरगी आजारी हाय ते ठावच नव्हतं. ठाव असतं तर त्या तिकिटाला हात लावला नसता. साहेब माझ्याशी बी खोटं बोलले." ते थांबले. "त्या आठवड्यात पुलाचा स्लॅब टाकायचा हुता..."

"पोरीच्या मातीच्या वक्ताला माझे वडील म्हणाले, असला कसला बाप? म्या त्यांच्या अंगावर धावून गेले. म्हणलं, तिथं लढाई हाय, तुमाला काय कळतंय? बोलनं तुटलं ते तुटलंच. ते गेले तवा बी म्या गेले न्हाय. यांच्यापायी."

बाहेर मांडवाचे बांबू उतरवल्याचा आवाज येत होता.

"पूल सोडवला नसंल," रुद्रम्मा म्हणाल्या. "न्हायतर भ्याले असतील. पोरीचं तसलं तोंड बघायला भ्याले असतील. वाळवंटाला भ्याले न्हायत, बॉम्बला भ्याले न्हायत. पर त्यानंतर अडतीस वर्षं हुते की. एकदा तरी सांगायचं. म्या रडले असते, भांडले असते. आता कुनाशी भांडू?"

आयुबांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"तुमची अम्मी भेटली का?" रुद्रम्मांनी विचारलं.

"भेटली. चार दिवस हुती. माझ्या हातनं पानी प्याली."

"बरं झालं."

हे त्यांनी मनापासून म्हटलं, आणि तेच आयुबांना सहन होईना.

"नाव काय हुतं लेकराचं?"

"महेश्वरी."

त्या दिवसभरात हे नाव मठात कुणीही घेतलं नव्हतं.

आयुब जमिनीवर नीट बसले. दोन्ही तळहात समोर धरून, डोळे मिटून दुआ पुटपुटू लागले. त्यातलं एक अक्षर रुद्रम्मांना कळत नव्हतं. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि ते संपेपर्यंत समोर बसून राहिल्या.