मे महिन्याच्या पानाच्या पोटात

"पाच पुस्तकं म्हणजे पाच साक्षीदार नव्हेत, डाउवे! एकानं थाप मारली आणि चौघांनी ती उतरवून घेतली," मी टेबलावर हात आपटून म्हणाले.

डाउवे आमच्या नेदरलँड्समधल्या फ्रीसलंड प्रांतातल्या छोट्या विमान संग्रहालयाचा प्रमुख, आणि हट्टी. सरोवराच्या गाळातून काढलेलं आमचं लढाऊ विमान उद्या लोकांसमोर यायचं होतं. पाटी पाचला कोरायला जाणार होती. त्यानं लिहिलं होतं : 'जमिनीवरच्या सैन्यावर हल्ल्यासाठी बनवलेलं. आखणाऱ्यानं पोटाला चिलखत दिलं नाही, म्हणून सात वैमानिक मेले.'

"कर्नलसाहेबांच्या आठवणींत स्पष्ट आहे ना."

"युद्ध संपून सोळा वर्षं झाल्यावरच्या आठवणी! त्या सातांना चाळीस साली जर्मन रणगाड्यांवर धाडणाराही तोच. मग मशीनगनना ऊब देणाऱ्या नळ्या कशाला रे? उंच आभाळातल्या गारठ्यासाठीच ना?"

"हिवाळ्यासाठी असतील."

घ्या! पण त्याला गप्प करायला माझ्याकडं कागद नव्हता.

तणतणत मी बाउक्येंकडं गेले. विमान आखणारे हेडझर हे त्यांचे वडील. त्यांनी कॉफी ओतली, केक कापला.

"बाबा म्हणायचे, हे विमान बॉम्बफेकी विमानांना वर आभाळात गाठायला केलंय. गावानं ऐकलं नाही. चर्चमध्ये आमच्या बाकावर कुणी बसायचं नाही. मी चौऱ्याऐंशीची झाले, रेन्स्के. ती पाटी लागली तर मी गेल्यावरही लोक तेच वाचतील." त्यांनी वडिलांचं पत्र पुन्हा माझ्यापुढं सरकवलं.

"हे त्यांनी आरोप झाल्यावर लिहिलंय, बाउक्ये. ज्याच्याकडं बोट दाखवलंय तो असंच लिहिणार. मला हे पुरावा म्हणून धरता येत नाही."

"तू तरी नक्की कुणाच्या बाजूची आहेस गं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तोंड लपवायला संडासात गेले.

समोर, आमच्याकडं सगळ्यांच्याच संडासात असतो तसा, वर्षानुवर्षं चालणारा वाढदिवसांचा तक्ता टांगलेला. युद्धात कागद मिळेना तेव्हा बाउक्येंच्या आईनं केलेला : नवऱ्याच्या ऑफिसातली रद्दी, छापील बाजू आत ठेवून दोन-दोन पानं खळीनं चिकटवलेली. आज एक जून, आणि तक्ता अजून मेवरच! असलं मला खपत नाही. पान उलटायला गेले तर कोपरा सुटला आणि आतून टंकलेल्या ओळी डोकावल्या.

अगं आई गं! हळूहळू सोडवलं.

मार्च १९३९, हवाई दलाकडून हेडझरना. 'सहा हजार मीटरवर बॉम्बफेकी विमानं गाठणे, हेच काम. पोटाला चिलखत बसवू नये. वजनानं चढाई मंदावते.' खाली सही कर्नलची!

"बाउक्ये!" मी ओरडतच बाहेर आले.

फोन केल्यावर डाउवे नऊ मिनिटांत सायकल हाणत आला. धापा टाकत वाचलं, आणि म्हणतो कसा, "पण एकच कागद गं."

"कधीचा ते बघ! तेव्हा कुणी मेलं नव्हतं, खापर फोडायला कुणाचं डोकं लागत नव्हतं. आणि सही कुणाची? ज्यानं नंतर नेमकं उलटं लिहिलं त्याची. स्वतःच्याच अंगाशी येणारा कागद कोण बनवेल?"

त्यानं पिशवीतून कर्नलच्या पुस्तकाची सही केलेली प्रत काढली. वळण न् वळण जुळलं.

"नळ्या वरच्यासाठीच होत्या," तो पुटपुटला, आणि कोरणाऱ्याला फोन लावला. मी तर जागच्या जागी उडीच मारली, साठी उलटलेली असून!

बाउक्येंनी ते पान उलटसुलट करून पाहिलं. पुढच्या बाजूला आईच्या अक्षरात होतं : '१४ मे, हेडझर.'

"बाबांनी मरेपर्यंत हाच कागद शोधला," त्या म्हणाल्या. "ऑफिस, माळा, कपाटं, सगळं उपसलं. आणि रोज सकाळी याच्याचसमोर बसायचे!"

त्यांना हसू फुटलं. आम्हीही पोट धरून हसलो. मग त्यांनी पान छातीशी धरलं, आणि त्यांना हुंदका आवरेना.

"पाटीवर त्यांचं नाव घाल हो, डाउवे," त्या म्हणाल्या. "चांगलं मोठं."