उत्तराची जागा

ध्वनिमुद्रकाचं पोट शांततेवर चालायचं. मालिकेचा प्रसंग चित्रित झाला की तो सगळ्यांना जागच्या जागी गप्प उभं करून नुसत्या खोलीचा आवाज टिपून घ्यायचा. संवादांमधल्या फटी बुजवायला हा आवाज लागतो. नटमंडळी वैतागायची, पण हा पठ्ठ्या हेडफोन लावून असा रंगायचा की विचारू नका. चर्चची पायरी मात्र तो लग्नानंतर चढला नव्हता.

त्यावरून आईने त्याला कमी बोल लावले नव्हते. पण त्याची मालिका तिला चुकवायची नसे. जपमाळ आणि मालिका दोन्हींची वेळ एकच, तेव्हा तिने जाहिरातींत मणी ओढायचा तोडगा काढला होता. शिवाय मालिकेतल्या कपटी सासूसाठी एक मणी जास्तीचा. सगळे तिला शिव्या घालतात, मग प्रार्थना कोण करणार, असं तिचं म्हणणं.

पक्षाघाताचा झटका आला आणि आईची वाचा गेली. ओठ तेवढे हलत. ती जपमाळ म्हणते, असं ताईचं ठाम मत; ती सवय आहे, त्यांना काही कळत नाही, असं डॉक्टरांचं. ताई पार घायकुतीला आली होती. आईला कळत नसेल तर शुश्रूषागृहात ठेवू, कळत असेल तर काही झालं तरी घरीच, असं ठरवून तिने या धाकट्या भावाला बोलावून घेतलं. त्याचे कान कधी नव्हे ते घरच्या कामी येणार होते.

त्याने पंखा बंद केला, आईच्या उशीशी माइक ठेवला आणि हेडफोन चढवले. आधी नुसता श्वास. मग ओठांची पुटपुट, मग काहीच नाही. पुन्हा पुटपुट, पुन्हा तेवढीच फट. ही फट त्याच्या ओळखीची निघाली. जपमाळेत अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची, उरलेली बाकीच्यांनी. आई आपला भाग म्हणून उत्तरासाठी थांबत होती.

पण हीसुद्धा सवय असू शकते. त्याला राहवेना. पुढच्या फटीत तो हळूच म्हणाला, "पवित्र मरिये, देवाच्या माते, आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, आता आणि..."

पुढचे शब्द पाठ होते. आईच्या उशाशी बसून ते म्हणवेनात. "आमेन," म्हणून त्याने वेळ मारून नेली.

आईचे ओठ हललेच नाहीत. ताई दाराशी उभी होती. मग आईने डोळे उघडले आणि त्याच्याकडे पाहिलं, लहानपणी झोपेच्या नादात तो शब्द गाळायचा तेव्हा पाहायची तसंच. ती वाट बघत होती.

त्याला रडू फुटलं.

"आणि आमच्या मरणाच्या वेळी," तो म्हणाला.

आईने डोळे मिटले आणि पुढचा मणी सुरू केला.