माकुळाच्या गाड्यावरचं ‘या’

पोरांनो, डोळे मिटा, पण नाक उघडं ठेवा. निखाऱ्यावर माकूळ, म्हणजे स्क्विड, चुरचुरतोय, वरून लालभडक, तिखटगोड चटणी ठिबकतेय. कुठे आहोत आपण? हर्णै बंदरात? छे! फ्रँकफर्टला, नदीकाठच्या बाजारात, एका कोरियन बाईंच्या गाड्यापुढे. रांगेत लेक मीनल आणि नात ओवी यांच्यासोबत श्यामकांत आजोबा उभे आहेत, आणि त्यांचा जीव अगदी मेटाकुटीला आला आहे.

आजोबांची हयात बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात गेली. यंत्र रुसलं तर ते त्याच्याशी गप्पा मारत बसायचे आणि यंत्र ऐकायचं. ओवी मात्र बोलेना. मराठीत विचारलं की जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटून पळ काढायची.

“हिनेच ना बोलावलं मला?” आजोबा मीनलवर चिडले. “दर रविवारी फोनवर विचारायचो, येऊ का गं तुझ्याकडे? तर म्हणायची, ‘या!’ केवढी अदब! बंदरभर सांगत सुटलो होतो मी.”

मीनल काही बोलणार, तोच त्यांचा नंबर आला. बाईंनी माकूळ कात्रीने कचाकच कापला आणि ओवीला काही विचारलं.

“या,” ओवी म्हणाली.

बाईंनी चटणीची बाटली उचलून दाखवली.

“या, या!”

“अगं, बाई तर समोरच उभी आहे. ही बोलावतेय कुणाला?”

मीनलने ओठ चावला. “बाबा, इथे ‘या’ म्हणजे ‘हो’.”

“म्हणजे तो पाववाला, ती शेजारीण, सगळे ‘या, या’ करायचे ते... मला वाटलं, काय अगत्याची माणसं!”

“नाही हो, बाबा.”

“आणि ही?”

मीनल पाकिटातले पैसे मोजू लागली.

“तिकीट बदल माझं,” आजोबा म्हणाले. “बिनबोलावलेला पाहुणा मी.” तरातरा जाऊन ते नदीकडे तोंड करून उभे राहिले.

ओवीला मराठी सगळी कळायची. फक्त जिभेवर यायची नाही. माकुळाचा द्रोण घेऊन ती गाड्याजवळच्या बाकावर बसली. ‘या’ म्हणायला तिने तोंड उघडलं आणि पटकन मिटलं.

मग सगळा बाजार वळून पाहील अशी ओरडली, “आजोबा, ये!”

मोठ्यांना ‘या’ म्हणावं, हे आजोबांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते नुसतेच वळले.

ओवीने बाकावरचा स्वतःचा कोट उचलून मांडीवर घेतला आणि रिकामी जागा हाताने थोपटली.